चीज सापडली पाहिजे

नोव्हेंबर १९०२. कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग भोंगा लावून बसलाय आणि समोर गौहर जान गातेय. तीनेक मिनिटांचं गाणं संपतं आणि शेवटी ती खणखणीत इंग्रजीत सांगते, 'माय नेम इज गौहर जान'. आज ऐकताना त्यात ठसका जाणवतो, आणि तो आहेच. पण ती घोषणा रसिकांसाठी नव्हती. ध्वनिमुद्रण झालेलं मेण जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जायचं, तिथे त्याच्या तबकड्या निघायच्या. तिथल्या कामगाराला ठुमरी कुठली नि दादरा कुठला, हे कळायचं काही कारण नव्हतं. कुठल्या तबकडीला कुणाचं लेबल लावायचं ते त्याला समजावं म्हणून नाव खाचेतच कोरून ठेवलेलं. म्हणजे ग्रंथालयातलं कार्ड पुस्तकाच्या पोटातच शिवल्यासारखं.

संगीताच्या डिजिटल ग्रंथालयांबद्दल बोलायला लागलो की मला आधी ही घोषणा आठवते, टर्नटेबल आणि सर्व्हर नंतर. देणगीदारांचं उलट असतं. यंत्रांचा फोटो काढता येतो, नोंदवहीचा काय काढणार? पण आवाज साठवणं आता तसं स्वस्त झालंय. साठवलेल्या दहा हजार फाइल्समधून झपतालातली एखादी बागेश्री, गाणाऱ्याच्या नावासकट, सालासकट, खात्रीने बाहेर काढणं हे अजून महागच आहे. त्याला माणूस लागतो. गाणं कळणारा, चिकट, आणि 'माहीत नाही' असं लिहायला न लाजणारा.

युरोपीय संगीताच्या अभ्यासकांचं गणित वेगळं आहे. त्यांचं मूळ साधन म्हणजे कागद. हस्तलिखितं नि छापील संगीताची आंतरराष्ट्रीय सूची, रिझम, १९५२पासून चालू आहे. २००६मध्ये सुरू झालेल्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर छापील स्वरलिप्यांचा डोंगर आहे. पान स्कॅन झालं, रचनेचं नाव लागलं, की अर्धं काम झालं. आपल्याकडे पान हे फार तर आठवणीला टेकू. ख्याल गायला जातो तो पानावर नसतोच. त्यामुळे आवाज हेच मूळ, आणि आवाजाला मुखपृष्ठ नसतं.

तेव्हा आवाजापासूनच सुरुवात करू.

जुनी तबकडी लाखेची. ती पुसायला स्पिरिट घेणारे महाभाग अजून भेटतात. स्पिरिटने लाखेचं काय होतं ते कुठल्याही सुताराला विचारा, चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवूनच तो पॉलिश करतो. एका पुसण्यात खाचांचा वरचा थर गुळगुळीत होतो, आणि गेलेला आवाज परत येत नाही. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य, रंग-वास नसलेल्या साबणद्रवाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवायचं. धुतल्यावर पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात आणि मग उभी करून वाळवणं. लेबल का जपायचं? कारण नव्वद टक्के वेळा नोंदीचा पाया तेच असतं.

सुई ही दुसरी चूक. एलपीची सुई साधारण एक हजारांश इंचाच्या आतबाहेर असते आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची खाच जवळजवळ तिप्पट रुंद. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि शंभर वर्षांची माती वाजवते. तीन हजारांश इंचाच्या आसपासची सुई लागते; बऱ्यापैकी स्टुडिओत अडीच ते साडेतीनपर्यंतच्या तीन-चार सुया ठेवतात आणि प्रत्येक बाजू लावून बघतात. कारण पूर्वीच्या स्टीलच्या सुयांनी खाच एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते. त्याच्या जरा वर किंवा जरा खाली टेकणारी सुई मिळाली तर तीच रेकॉर्ड नवी वाटते. गाणं मोनो असलं तरी घ्यायचं स्टिरिओत. खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या झिजतात, आणि कुठली बरी ते नंतर ठरवता येतं. एलपीसाठी ठरलेला आवाजाचा उतार-चढाव, म्हणजे ॲम्प्लिफायरमधलं ते फोनो सेटिंग, ७८च्या रेकॉर्डला लावायचं नाही. सपाट घ्या, सुधारणा नंतर प्रतीवर करा.

आणि मग वेग. इथे जरा थांबायला हवं, कारण इथली चूक पुढे शोधनिबंधात जाऊन बसते.

'सेव्हंटी-एट' हे नाव नंतर रुळलं. १९२५च्या आधी, विजेचं मुद्रण येण्यापूर्वी, मुद्रणयंत्र सत्तरच्या घरातही चालायचं आणि ऐंशीच्या पुढेही. शिवाय ७८ म्हणजेही नेमके ७८ नाहीत. आपल्याकडच्या पन्नास सायकलच्या विजेवर, ७७ रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती स्थिर दिसते तेव्हा वेग भरतो ७७.९२. अमेरिकेत साठ सायकल आणि ९२ रेघांवर तो ७८.२६. हा फरक कानाला लागत नाही. पण ७५ने घेतलेली रेकॉर्ड ७८ने वाजवली तर? वेग चार टक्क्यांनी वाढला, म्हणजे स्वर सुमारे ६८ सेंट वर गेला. शंभर सेंटचा अर्धस्वर धरला तर दोन-तृतीयांश. प्रत्यक्षात पेटीवरच्या पांढरी एक या पट्टीच्या जरा वर गाणारा गवई काळी एकला गातोय असं दिसतं. आवाज थोडा कोवळा होतो, तान थोडी चपळ होते, आणि मग कुणी तरी लिहितं की पूर्वीचे लोक चढ्या पट्टीत नि जलद गात. काही गातही असतील. पण हा पुरावा त्याचा नाही, टर्नटेबलच्या बटणाचा आहे.

मग खरा वेग ठरवायचा कसा? एकच खात्रीचा उपाय नाही. दोन-तीन अंदाज एकमेकांवर घासून बघावे लागतात. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. तो मुद्रणाचा क्रमांक, विक्रीचा नव्हे. एकापाठोपाठच्या क्रमांकांच्या रेकॉर्ड बहुधा एकाच बैठकीतल्या असतात. त्याच गायकाचा षड्ज, म्हणजे सा, त्या चार-पाच बाजूंवर एकाच ठिकाणी पडतो का ते बघायचं. साथीला पेटी असेल तर तिचा स्वर स्थिर असतो, पण त्या काळातल्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झला जुळवलेल्या असतीलच असं नाही. म्हणून 'जवळच्या पट्टीला ओढून घेणं' ही सवय वाईट. नोंदीत लिहायचं ते एवढंच: घेताना टर्नटेबलचा वेग अमुक, मिळालेला षड्ज इतके हर्ट्झ, वेग निश्चित की अंदाजे. तीन रकाने. हे तीन रकाने ज्या संग्रहात नाहीत तिथून पट्टीबद्दल कुठलंही विधान करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पूल (उघड्या रिळावरची टेप) आणि कॅसेटची दुखणी वेगळी. स्पूल उजेडासमोर धरा. टेपच्या गुंडाळीतून उजेड आरपार झिरपला तर ती बहुधा ॲसिटेटची, न झिरपल्यास पॉलिएस्टरची. ॲसिटेटला व्हिनेगरचा वास येऊ लागला की तिचे दिवस भरत आले. बाकी संग्रहापासून ती वेगळी काढायची आणि रांगेत पहिली घ्यायची. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही पॉलिएस्टर टेपांचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो, यंत्रात किंकाळत अडकतो आणि हेडवर तपकिरी राप सोडतो. अशा टेपला प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये ५० ते ५५ अंशांवर आठ तास किंवा जास्त शेकतात. मग काही आठवडे ती नीट वाजते. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही. आणि ॲसिटेट तर कधीच नाही, ती आक्रसून वाकडी होईल. मुंबई-कोकणातल्या कपाटांतून आलेल्या टेपांवर पांढरी बुरशी असतेच. ती कोरडी करून, तोंडाला मास्क लावून, बाहेर साफ करायची. तशीच यंत्रावर चढवली तर दिवसभरातल्या पुढच्या सगळ्या टेपांना प्रसाद मिळतो.

कॅसेटला मात्र एक अगदी सोपं काम असतं आणि तेच होत नाही. हेडशेजारी छोटा स्क्रू असतो. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याच्या हेडचा तिरकेपणा आणि तुमच्या यंत्राचा जुळत नाही, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. मोनो करून ऐकत स्क्रू बारीक-बारीक फिरवायचा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजता झणत्कार, उघडली की थांबायचं. प्रत्येक कॅसेटला, प्रत्येक बाजूला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते न करता घेतलेल्या शेकडो तासांच्या फाइल्स नंतर सॉफ्टवेअरने 'उजळायला' बसतात, आणि नसलेली जवारी कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

फाइल कशी असावी यावर ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयासाची, मार्गदर्शिका आहे: किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पण बहुतेक जण ९६ किलोहर्ट्झ घेतात. वेव्ह फाइल, न दाबलेली. स्टिरिओत तासाला साधारण २ जीबी. हजार तास म्हणजे २ टीबी, तीन ठिकाणी तीन प्रती म्हणजे ६. मैफलींचा आयुष्यभराचा संग्रह आज एका पिशवीत मावतो. वेळ मात्र मावत नाही, कारण टेप वाजते ती तिच्याच वेगाने. साफसफाई, जुळवणी, ऐकणं, नोंद धरून तासाच्या टेपला तीन तास तरी धरावेत. घाई करून दुप्पट वेगाने उतरवण्याचा मोह होतो, टाळा.

खरखर काढण्याबद्दल एकच सांगतो. मूळ प्रतीवर कधीही नाही. खरखर काढणारं सॉफ्टवेअर सलग, बारीक आवाज शोधून मारतं; आणि तंबोरा हा सलग, बारीकच आवाज आहे. गायकाच्या श्वासाचंही तेच. ऐकण्याच्या प्रतीत करा हवं तर, पण तिच्या नावात ते लिहा.

आता खरी कटकट. समजा, खोक्यातून एक स्पूल निघाला. पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहिलंय: 'बुवा, मालकंस, कोजागरी, साथ अप्पा'. लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं, त्यामुळे त्याने काहीच लिहिलं नाही. कुठले बुवा? महाराष्ट्रात बुवांना तोटा नाही. 'अण्णा' म्हटलं की पुण्यातल्या गाण्याच्या माणसाला भीमसेन जोशी आठवतात आणि सिनेसंगीताच्या माणसाला सी. रामचंद्र. कोजागरी कुठल्या वर्षाची? आणि कोजागरीच्या रात्री दहाला सुरू झालेल्या बैठकीतला मालकंस मध्यरात्रीनंतर झाला असेल तर इंग्रजी तारीख बदललेली असते. भैरवी तर नक्कीच दुसऱ्या तारखेची. कधी नुसतं 'पाडवा, शके १८९०' असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं (हा ७८चा आकडा आमचा पिच्छा सोडत नाही), पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून तारखेचे दोन रकाने: खोक्यावर जसं आहे तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट; आणि शेजारी आपण काढलेली तारीख, कशावरून काढली त्यासह.

हाच नियम रागाला. लेबलवर छापलेला राग हे कंपनीचं म्हणणं आहे. ते वेगळं नोंदवायचं, आणि ऐकणाऱ्याचं मत वेगळं. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. कुणी गंधारावर बसला की धैवतावर, चलन कुठून, यावर सगळं. तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर दोन जाणत्यांचं दुमत झालं तर दोघांची मतं नावानिशी लिहावीत. नाव एकच लिहून मोकळं होणं हा नोंद करणाऱ्याचा आळस आहे, त्याला निर्णय म्हणू नये. शिवाय दक्षिणेकडचा संग्रह आपल्या संग्रहाला जोडला की नवीनच गंमत. कर्नाटक संगीतातला हिंदोलम म्हणजे आपला मालकंस. आपला हिंडोल तो नव्हेच. तिकडची तोडी आपल्या भैरवीच्या स्वरांवर चालते. संगणकाला नुसतं 'तोडी' सांगाल तर तो दोन्ही एका टोपलीत टाकेल आणि वर आलेख काढून दाखवेल. रागाच्या नावापुढे पद्धत, हिंदुस्थानी की कर्नाटक, हा शब्द नसेल तर नोंद अपुरी.

ग्रंथालयांमध्ये बहुधा वापरतात त्या डब्लिन कोअर साच्यात पंधरा रकाने आहेत. त्यांत रागाला जागा नाही, तालाला नाही, घराण्याला नाही. मग हे सगळं 'विषय' या एकाच रकान्यात कोंबलं जातं: 'यमन, तीनताल, ग्वाल्हेर, गायन, पुणे'. दिसायला ठीक. पण पुढे कुणी ग्वाल्हेर घराणं शोधायला गेलं की ग्वाल्हेर शहरात झालेल्या मैफलीही येतात. राग, ताल, लय, चीज (गायलेली बंदिश), भाषा, गायनप्रकार, साथीदार प्रत्येकी वेगळा, हे रकाने पहिल्याच दिवशी पाडून ठेवायचे. रिकामे राहिले तरी चालतील. भरलेल्या खिचडीतून नंतर डाळ निवडता येत नाही.

मराठीत लिहून ठेवलेलं शोधतानाही पाय घसरतो. खाँ, खां, खान; करीम, करिम; अडाणा, अडाना; यमन, इमन. हे निदान डोळ्यांना दिसतं. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली कऱ्हाडची मैफल सापडत नाही. फाइल आहे, नाव बरोबर आहे, संगणक म्हणतो नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यक्तीला, गावाला, रागाला एक कायम क्रमांक, आणि सगळी रूपं त्या क्रमांकाखाली. शोधण्याआधी अक्षरं एका साच्यात आणणंही आलंच.

स्वरलिपीत तर हा घोळ कळसाला पोचतो, आणि तो मला मनापासून आवडतो. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, संगीतासाठी अशी खास चिन्हं शोधत बसलात तर हाती येतात ती वेदपठणाची: अनुदात्ताची खालची आडवी रेघ आणि उदात्ताची वरची उभी रेघ. तीच वापरून लोक रे॒ आणि म॑ टाइप करतात, आणि छान दिसतं. मंद्राचं (खालच्या सप्तकाचं) खालचं टिंब म्हणून नुक्ता वापरतात: ध़. तारसप्तकाचं वरचं टिंब म्हणून अनुस्वार: सां, गं. पण आता संगणकाच्या लेखी ग़ म्हणजे उर्दूतलं ग़, आणि तार गंधार म्हणजे 'अगं'मधला गं. बरीच सॉफ्टवेअरं अक्षरं साच्यात आणताना 'न'च्या खालचं टिंब एकत्र करून एकच अक्षर करतात, 'ग'च्या खालचं मात्र सुटं ठेवतात. म्हणजे एकाच मंद्र सप्तकातले दोन स्वर दोन वेगळ्या जातीचे झाले. छापील पान वाचणारं सॉफ्टवेअर बहुधा या रेघा-टिंबं डाग समजून पुसूनच टाकतं. भैरवीचा यमन व्हायला एवढं पुरतं. अगदीच नाही, पण शुद्ध स्वरांचा बिलावल नक्की होतो.

त्यात विष्णु दिगंबर पलुसकरांची पद्धत आणली की बघायलाच नको. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार. पलुसकर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसप्तकाला वर उभी रेघ. तेच टिंब, पूर्ण दोन सप्तकांचा फरक. म्हणून स्कॅन केलेल्या प्रत्येक स्वरलिपीच्या नोंदीत 'लेखनपद्धत' हा रकाना सक्तीचा हवा. आणि शब्दांसाठी आणखी एक पाठ. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेसारख्या पुस्तकात बोल मात्रांत फोडलेले असतात, 'एऽ रीऽ आऽ ली'. कुणी 'एरी आली' शोधेल तर मिळणार नाही. चिजेचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, अवग्रह काढून, सलग, वेगळ्या रकान्यात लिहावाच लागतो. आपल्याकडे चीज ओळखतात ती मुखड्यावरूनच. शोधयंत्रालाही तीच खिडकी द्यायला हवी.

यंत्राकडून काम करून घेण्याचे प्रयोग झालेले आहेत आणि चांगले झालेले आहेत. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११पासून कॉम्पम्युझिक प्रकल्प चालला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, बीजिंग ऑपेरा, अरब-आंदालुसी अशा पाच परंपरा त्यांनी घेतल्या. दुनिया नावाचं त्यांचं संकेतस्थळ आणि सरगा नावाचा खुला संच त्यातूनच आले. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने भूप-देशकारसारख्या समप्रकृतीच्या रागांवर काम केलं. या सगळ्यात पहिली पायरी एकच: षड्ज कुठे आहे? तो सापडला की बाकीचे स्वर त्यापासून किती सेंटवर ते मोजता येतं, आणि काळी एकचा गवई काळी पाचच्या बाईशेजारी ठेवून बघता येतो. षड्ज पंचमावर पकडला गेला तर यंत्र सगळं बिनचूक मोजून सगळं चुकीचं सांगतं. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे कुणी तरी हाताने राग, ताल, सम, लय नोंदवून ठेवणं. म्हणजे फिरून नोंदवहीपाशीच.

आपल्या घराजवळचं उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या 'यंग इंडिया' रेकॉर्ड, १९३५ ते १९५५. देशी कंपनी, नवखे कलावंत, मोठ्या कंपन्यांनी न घेतलेली गाणी. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या लुप्तप्राय संग्रह योजनेतून या रेकॉर्डचं आणि पुढे 'ओडियन' लेबलचं डिजिटायझेशन केलं. योजनेतले क्रमांक १९० आणि ४६८. संदर्भ देताना हे क्रमांक द्यावेत, 'इंटरनेटवर ऐकलं' असं लिहू नये. अशा बंद पडलेल्या कंपन्यांची मुद्रणाची वही हाती नसते. तेव्हा विक्रीचे कॅटलॉग, पाकिटावरच्या जाहिराती, दुकानदाराचा शिक्का यांवरून साल ठरवावं लागतं. म्हणून पाकीट फेकू नका. लेबलाचा फोटो दोन्ही बाजूंचा, कोऱ्या पट्ट्यातल्या क्रमांकाचा तिरक्या उजेडात वेगळा.

हक्कांचं थोडक्यात. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९६०ची रेकॉर्ड १ जानेवारी २०२१ला मोकळी झाली. पण दिवाणखान्यात केलेलं मैफलीचं मुद्रण कधी प्रकाशितच झालेलं नसतं, त्यामुळे तिथे ही साठ वर्षांची मोजणी सुरूच होत नाही. कलाकाराचे प्रयोगहक्क निराळे. म्हणूनच अनेक संग्रहांत अशा टेप जागेवर बसून ऐकू देतात, घरी नेऊ देत नाहीत. याचा राग येतो खरा. पण 'सगळं यूट्यूबवर टाका' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की तिथली चित्रफीत एका सकाळी नाहीशी होते आणि शोधनिबंधातल्या तळटिपा उघड्या पडतात.

अर्थात मोठ्या संस्थाही अढळ नसतात. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी, हा नियम लहान संग्रहालाही लागू. आणि प्रत नुसती असून भागत नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या सगळ्या बिटांवरून निघणारी एक ओळीची खूण, घेतल्याच्या दिवशी काढून ठेवायची आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून बघायची. एक बिट बदललं तरी खूण बदलते. हार्ड डिस्क कपाटात शांत दिसते, पण आत काय चाललंय ते चेकसमलाच कळतं.

आणि शेवटची एक विनंती, टेपा उतरवणाऱ्यांना. टाळ्या पडल्या की फाइल कापू नका. मुद्रण करणारा बहुधा पुढे बसलेला रसिक असायचा. गाणं संपल्यावर तो दाद देण्यात रमायचा आणि यंत्र बंद करायला विसरायचा. टाळ्या विरतात, तबल्यावर हातोडीचे ठोके पडतात, कुणी तरी खोकतं, मग निवेदक माईकवर येऊन पुढचा कार्यक्रम कधी, कुठे, कुणाचा ते सांगतो. वार, तारीख, सभागृह. कधी पेटीवाल्याला कुणी नावाने चहाला बोलावतं, आणि खोक्यावरचा 'अप्पा' कोण ते कळतं. ऐकण्याच्या प्रतीत ती चार मिनिटं नसली तरी चालतील. मूळ प्रतीत, रीळ सुटून फडफडेपर्यंत, मुद्रण चालू ठेवा.